पोळी लाटणं त्या यादीत नाही

डॉक्टरकाकांना सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, वय ४३. चौदा-पंधरा वर्षांपासून घरूनच पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. रोजच्या साठ-सत्तर घडीच्या पोळ्या, सणावाराला पुरणाच्या, संक्रांतीला गुळाच्या. तरुण जत्रेत दरवर्षी स्टॉल असतो. महिन्याला चौदा हजारांच्या आसपास हातात पडायचे. मागच्या वर्षी अन्नपूर्णा रोडवर एका कारने माझ्या स्कूटीला मागून धडक दिली आणि उजवं मनगट मोडलं. एमवाय या सरकारी दवाखान्यात एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) झाली, ऑपरेशन खासगी दवाखान्यात. आत प्लेट आहे. पाच महिने फिजिओथेरपी केली. आता हात वरून बरा दिसतो, पण कणीक मळता येत नाही, आणि सात-आठ पोळ्या लाटल्या की मनगट सुजतं. मळण्या-लाटण्यासाठी एक मुलगी ठेवली आहे, तिला महिन्याला साडेचार हजार देते.

अपघाताच्या भरपाईसाठी क्लेम केस लावली आहे. वकीलसाहेबांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी दहा मिनिटं बघून ३२ टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट दिलं. त्यावर आमचा विश्वास नाही, बाईंना मेडिकल बोर्डाकडे पाठवा, असा अर्ज त्या कारच्या विमा कंपनीने केला आणि कोर्टाने तसा हुकूमही दिला. पुढच्या महिन्यात जायचंय. तेव्हापासून झोप उडाली आहे. वकिलांचे मुनशी म्हणतात, हात गळ्यात बांधून जा आणि बोटं हलवू नका. शेजारच्या काकू म्हणतात, चाळीस टक्क्यांच्या खाली आलं तर एक रुपया मिळत नाही. न्यू जर्सीचा भाचा म्हणतो, मामी, याला इंडिपेंडंट मेडिकल एक्झाम म्हणतात, तो डॉक्टर कंपनीचाच असतो, तू जास्त बोलूच नकोस. न गेलेलंच बरं का?

आणखी दोन गोष्टी आहेत. सहा वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडून याच मनगटाला बारीक तडा गेला होता, ते सांगायचं का? आणि दिवाळीच्या आधी एक अनोळखी गृहस्थ ऑर्डर द्यायच्या निमित्ताने आले आणि मी लाटत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून गेले. ते कंपनीचे होते असं आता वाटतं. यंदा जत्रेत स्टॉल लावू की नको, हेही सांगा.

— पोळ्यांवाली ताई

ताई, नमस्कार.

मुनशीजींचा सल्ला आधी निकालात काढतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तोच करणार आहे. हाडांचा डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे, बोर्डाच्या खुर्चीत बसलो आहे. तपासणी पलंगावर बसल्यावर सुरू होते असं लोकांना वाटतं. ती दारापासून सुरू होते. पिशवीतून एक्स-रे कुठल्या हाताने काढला, खांद्यावरचा पदर कुठल्या हाताने सावरला, रजिस्टरवर सही करताना पेन कसा धरला, मध्येच मोबाइल वाजला तेव्हा कुठला हात पुढे आला. डॉक्टर तुमच्याशी बोलत असतो आणि त्याचे डोळे हे टिपत असतात. मग टेप येते. दोन्ही कोपरांच्या खाली सारख्याच अंतरावर हाताचा घेर मोजतात. वर्षभर खरोखर गळ्यात बांधलेला हात सुकतो, तिथे घेरात फरक पडतो. तुम्ही तर त्या हाताने सात-आठ पोळ्या लाटता, म्हणजे तुमचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत असणार. झोळी एक सांगेल आणि टेप दुसरं. मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र असतं, ते तीन-तीन वेळा दाबायला लावतात. खरा कमजोर हात तिन्ही वेळा जवळपास सारखा आकडा देतो. नाटक करणाऱ्याचा आकडा वर-खाली उड्या मारतो, कारण आपण मघाशी किती कमी दाबलं होतं ते कुणाच्या लक्षात राहात नाही.

आणि एकदा का डॉक्टरला वाटलं की ही बाई वाढवून सांगतेय, की तुमचं खरं दुखणंही तो अर्ध्यावर आणतो. हे बरोबर नाही, पण होतं असं. तेव्हा झोळी नको, ताजी बँडेजपट्टी नको. रोज घरात असता तशा जा.

भाच्याचं म्हणणं त्याच्या देशापुरतं खरं आहे. तिकडे फेडरल कोर्टांच्या दिवाणी नियमांत ३५वा नियम आहे. ज्याच्या दुखापतीवरून वाद आहे त्याची तपासणी समोरच्या पक्षाच्या मागणीवरून, सबळ कारण दाखवल्यावर, कोर्ट करवून घेऊ शकतं. डॉक्टर बहुतेक वेळा समोरचा पक्षच निवडतो आणि फीही तोच देतो. नाव मात्र इंडिपेंडंट. म्हणून जखमींचे वकील त्याला सरळ ‘डिफेन्स मेडिकल’ म्हणतात आणि अशिलाला जपून बोलायला शिकवतात. आपल्याकडे वाहन अपघाताच्या दाव्यात समोरच्या गाडीची विमा कंपनी तुम्हाला परस्पर आपल्या डॉक्टरकडे हजर करू शकत नाही. तिला न्यायाधिकरणाकडे, म्हणजे तुमची केस चालते त्या कोर्टाकडे, अर्ज करावा लागतो आणि न्यायाधिकरण पाठवतं ते सरकारी मेडिकल बोर्डाकडे. बोर्डाच्या डॉक्टरला कंपनीकडून फी मिळत नाही. त्याच्यात दुसरे दोष असतात, घाई हा त्यातला मोठा. त्यावर पुढे बोलतो.

(तुम्ही स्वतः कधी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढली असेल तर तो मामला निराळा. तिथे करारातच लिहिलेलं असतं की कंपनीचा डॉक्टर तुम्हाला तपासू शकेल, आणि त्यावर आपण न वाचता सही केलेली असते. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यानेही मालकाला असा हक्क दिला होता. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून ३ दिवसांत त्याने फुकट तपासणी देऊ केली आणि कामगाराने ती नाकारली, तर भरपाईचा हक्क तेवढा काळ स्थगित व्हायचा.)

न जाण्याचा विचार सोडून द्या. पोलीस पाठवून तुम्हाला कोणी उचलून नेणार नाही, पण २००३ साली शारदा विरुद्ध धर्मपाल या वैवाहिक वादाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दिवाणी कोर्ट वैद्यकीय तपासणीचा हुकूम देऊ शकतं आणि कोणी नाकारलं तर त्यावरून त्याच्याविरुद्ध अर्थ काढू शकतं. तुमच्या बाबतीत तो अर्थ काय निघेल हे सांगायला वकील नको.

काकूंच्या चाळीस टक्क्यांबद्दल. हा गैरसमज इंदुरातच नव्हे, सगळीकडे आहे. ४० टक्के ही रेघ दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधली आहे. नोकरीतलं आरक्षण आणि बऱ्याच सरकारी योजना यांच्यासाठी ती लागते. अपघाताच्या भरपाईशी तिचा संबंध नाही. १२ टक्क्यांवरही भरपाई मिळते, आणि अपंगत्व शून्य निघालं तरी औषधोपचार, प्रवास, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना यांचे पैसे मिळतातच.

आता मुद्द्यावर येतो. बोर्ड नेमकं मोजतं काय?

केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनुसार हाताचे टक्के निघतात. सांधा किती वळतो ते अंश मोजायच्या पट्टीने बघतात. निरोगी मनगट मागच्या बाजूला साधारण ७० अंशांपर्यंत वळतं. स्नायूंची ताकद बघतात. पकड कशी आहे, बोटांना स्पर्श कळतो का, ते बघतात. आणि हाताने करायच्या दहा कामांची एक यादी आहे, प्रत्येक कामाला ९ टक्के. वरच्या फळीवरची वस्तू काढून परत ठेवणं, नाकाला हात लावणं, आपल्या पद्धतीने हाताने जेवणं, केस विंचरून वेणी घालणं, सदरा घालणं, शौचाला पाणी घेणं, पेल्याने पाणी पिणं, बटणं लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं, लिहिणं. ज्याने कोणी ही यादी केली त्याला आपल्या देशातलं घर माहीत होतं, नाडी आणि वेणी आठवली म्हणजे बघा. पण पोळी लाटणं त्या यादीत नाही. कणीक मळणंही नाही.

तुम्ही ही दहाही कामं थोडंफार वेडंवाकडं करत कराल. जेवाल, वेणी घालाल, सही कराल. मग बोर्ड उजव्या हाताचे समजा १५ टक्के लिहील, आणि त्यात बोर्डाची लबाडी नसेल. यादी माणसाच्या जगण्याची आहे, तुमच्या धंद्याची नाही. मळताना मनगट मागे वळलेलं असतं आणि त्या वळलेल्या मनगटावर खांद्यापासूनचा सगळा भार येतो. पाणी पिताना असं काही होत नाही. प्लेट बसवलेल्या, चाळीस अंशांवर अडणाऱ्या मनगटाने माणूस दिवसभर पाणी पिऊ शकतो आणि तीन किलो कणीक मळू शकत नाही.

हे अंतर कायद्याला ठाऊक आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१० चा निकाल तुमच्या वकिलांना पाठ असला पाहिजे. चीज विकणारा एक तरुण, पाय मोडलेला, सर्टिफिकेटवर पायाचं ४५ टक्के अपंगत्व. कोर्टाने म्हटलं, ४५ टक्के हे पायाचे, अख्ख्या शरीराचे नव्हेत. शरीराचे २५ धरले आणि त्याच्या धंद्यावरचा परिणाम २० टक्के धरला. म्हणजे तीन वेगळे आकडे: अवयवाचा, शरीराचा, कमाईचा. पैसे शेवटच्या आकड्यावर मिळतात. त्याच निकालात कोर्टाने डाव्या हाताचं उदाहरण दिलं आहे. हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास सगळीच जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. त्या चीजवाल्याचा आकडा खाली आला, पण तोच नियम उलटाही चालतो. २०१८ मध्ये जगदीश विरुद्ध मोहन या खटल्यात एका सुताराच्या दोन्ही हातांच्या दुखापतीचं सर्टिफिकेट ९० टक्क्यांचं होतं, कोर्टाने कमाईचं नुकसान १०० टक्के धरलं.

तुमचाच हिशेब मांडून बघू. महिना १४,०००. वय ४० ते ५० मध्ये आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे. झाले १७,५००. वर्षाचे २,१०,०००. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे एका आकड्याने गुणतात, ४१ ते ४५ वयाला २००९ च्या सरला वर्मा निकालाने ठरवलेला तो गुणक १४. एकूण २९,४०,०००. म्हणजे कमाईच्या नुकसानीचा एकेक टक्का तुम्हाला २९,४०० रुपयांना पडतो. १० टक्के धरले तर २,९४,०००, ३२ धरले तर ९,४०,८००. कंपनी त्या सर्टिफिकेटवर का अडून बसली आहे ते कळलं ना? तिच्या जागी मीही अर्ज केला असता.

आता गंमत बघा. त्या मुलीला तुम्ही ४,५०० देता. १४,००० चे ३२ टक्के ४,४८० होतात. दहा मिनिटांत तयार झालेल्या कागदावरचे ३२ टक्के कंपनीचा वकील अर्ध्या तासात उडवील. पण दर महिन्याला दुसऱ्याच्या हातांसाठी मोजलेले हे ३२ टक्के उडवायला त्याला घाम गाळावा लागेल. म्हणून ते पैसे रोख देणं आजपासून बंद. मुलीच्या खात्यावर किंवा फोनवर टाका, मागचे रोख दिलेले असतील तर वहीत तारीखवार लिहून तिची सही घ्या, आणि ती साक्षीला येईल का ते आत्ताच विचारून ठेवा. अपघाताआधीच्या ऑर्डरींच्या वह्या, आट्याची आणि गॅसची बिलं, गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे आल्याच्या नोंदी, जत्रेच्या स्टॉलच्या पावत्या, सगळं एका पिशवीत. १४,००० हा आकडाही सिद्ध करायचाच आहे. टक्क्यांच्या भांडणात लोक हे विसरतात आणि मग न्यायाधिकरण अकुशल मजुराची किमान मजुरी धरून मोकळं होतं.

इथे माझीच एक चूक सांगतो. सियागंज बाजारातला एक हम्माल माझ्यापुढे आला होता, खांदा निखळून बसवलेला. हात डोक्यापर्यंत जात होता, थोडा अडत होता. मी १८ टक्के लिहिले. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता, तिथे माझ्या कारकुनाने ‘मजूर’ लिहिलं आणि मी सही ठोकली. पाठीवर पोतं घेताना हात वर नेऊन मागे ओढावा लागतो, हे एक वाक्य मला शेऱ्यात लिहिता आलं असतं. बाहेर पन्नास जण रांगेत होते. दोन वर्षांनी तो मला एका दुकानाबाहेर सायकली सांभाळताना दिसला. ओळख दिली, चहा पाजला, आणि म्हणाला, “साब, अठारा परसेंट में बोरी पीठ पे नी चढ़ती.” रागाने नाही, माहिती द्यावी तसा.

म्हणून तुम्ही बोर्डापुढे काय बोलायचं ते नेमकं सांगतो. भाच्याची ‘जास्त बोलू नकोस’ ही सूचना इथे अर्धीच पाळा. अपघात कसा झाला, चूक कोणाची, कंपनी कशी छळते, यातलं काही सांगू नका. ते बोर्डाचं काम नाही आणि त्यात तुमची पाच मिनिटं जातील. पण कामाबद्दल स्वतःहून बोला. “मी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. आधी रोज साठ-सत्तर लाटत होते. आता सात-आठ लाटल्या की इथे सूज येते, कणीक अजिबात मळता येत नाही, त्यासाठी बाई ठेवली आहे. पातेलं दोन हातांनी उचलते, एका हाताने नाही.” एवढंच, शांतपणे. “खूप दुखतं हो” याचा डॉक्टरला काही उपयोग नसतो. किती पोळ्यांनंतर, कुठे, किती वेळ, हे सांगितलं की तो लिहून घेतो. जे जमतं तेही सांगा. वेणी घालता येते, येते म्हणा. जमणाऱ्या चार गोष्टी कबूल करणाऱ्या बाईची न जमणारी पाचवी गोष्ट खरी वाटते.

डॉक्टरने फक्त उजवं मनगट मोजलं तर नम्रपणे म्हणा, “डावंही मोजाल का साहेब, म्हणजे फरक कळेल.” योग्य पद्धत तीच आहे, राग येण्याचं कारण नाही. प्लेट पुढे काढावी लागेल का, हेही विचारा आणि शेऱ्यात लिहायला सांगा. त्या खर्चाचा वेगळा रकाना भरपाईत असतो. तुम्ही ज्या हाताने सगळी कामं करता तो हात उजवा, हे कागदावर आलं आहे ना ते बघा. वापरत्या हाताला थोडं वाढीव वजन असतं. कमाल म्हणजे कित्येक रिपोर्टांत हे लिहायचंच राहतं. तपासायला पुरुष डॉक्टर असेल तर सोबत बाईमाणूस ठेवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. बहिणीला किंवा लेकीला घेऊन जा, वकिलांना आत बहुधा घेत नाहीत.

बरोबर न्यायाधिकरणाचं पत्र, आधार कार्ड, एमएलसीची प्रत, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं, आणि एक्स-रेच्या मूळ फिल्मी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोबाइलवरचे फोटो चालणार नाहीत. फिजिओथेरपीचं कार्ड विसरू नका, पाच महिने इमानाने गेलात याचा तोच पुरावा. उपचार सोडून देणाऱ्याचा आखडलेला सांधा आणि उपचार करूनही आखडलेला सांधा यांत बोर्ड फरक करतं. उजव्या हातातल्या बांगड्या घरीच काढून ठेवा, नवा एक्स-रे काढायला सांगू शकतात.

सहा वर्षांपूर्वीचा तडा. सांगा. विचारलं तर सांगाच आणि नाही विचारलं तरी “आधी कधी लागलं होतं का” या प्रश्नापर्यंत गोष्ट आली की लपवू नका. जुन्या तड्याची खूण कधी कधी एक्स-रेत दिसते, जुन्या दवाखान्यात तुमचा कागद असतो, आणि लपवलेलं उलटतपासणीत निघालं तर बाकीचं सगळं खोटं ठरायला वेळ लागत नाही. उलट सांगितलंत तर उत्तर तुमच्याकडे तयार आहे. तडा गेल्यानंतरही तुम्ही पाच वर्षं रोज साठ-सत्तर पोळ्या लाटत होतात. वही तेच सांगते. जुनं दुखणं धंदा थांबवणारं नव्हतं, कारच्या धडकेने थांबवला. कंपनीला तुमचं मनगट जसं होतं तसंच धरावं लागतं, नवंकोरं असतं तर किती मोडलं असतं हा हिशेब तिला करता येत नाही.

व्हिडिओवाले गृहस्थ कंपनीचे असतील तर त्यात नवल नाही, दाव्यांचा तपास करणारी माणसं असंच करतात. काढला असेल व्हिडिओ. त्यात काय दिसणार? बाई पोळी लाटते आहे. तुम्ही बोर्डाला काय सांगणार आहात? सात-आठ लाटते. मग व्हिडिओ तुमचाच साक्षीदार झाला. एका मिनिटाच्या चित्रात संध्याकाळची सूज दिसत नाही, एवढं तुमच्या वकिलाने विचारलं की पुरे. मुनशींचं ऐकून ‘बोटंच हलत नाहीत’ म्हणाला असतात तर मात्र तोच एक मिनिट तुमची केस घेऊन बुडाला असता.

आता त्या ३२ टक्क्यांच्या सर्टिफिकेटचं काय करायचं? मी असतो तर त्यावर भिस्त ठेवली नसती. राजकुमारच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णावर उपचार न करता तयार सर्टिफिकेटं वाटणाऱ्या डॉक्टरांबद्दल न्यायाधिकरणांना सावध केलं आहे. हा उद्योग आमच्या व्यवसायाला लागलेली वाळवी आहे आणि त्यात वकील आणि डॉक्टर दोघांचं चालतं, म्हणून कोणी बोलत नाही. त्याऐवजी ज्यांनी तुमचं ऑपरेशन केलं त्या सर्जनला भेटा. त्यांनी मनगट उघडून बघितलं आहे, त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते म्हणतील, “मी कोर्टात येणार नाही, अख्खा दिवस जातो.” खरं आहे, मीही टाळायचो. पण नुसतं सर्टिफिकेट दाखल करून भागत नाही, डॉक्टरला उलटतपासणीसाठी हजर राहावं लागतं. यावरही त्या निकालात तोडगा आहे. डॉक्टरांना ताटकळत ठेवू नका, ठरलेल्या वेळेला साक्ष घ्या, किंवा कमिशनर (साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेला माणूस) नेमून त्यांच्या सोयीच्या जागी घ्या. वकीलसाहेबांना तसा अर्ज द्यायला सांगा. आढेवेढे घेतले तर त्यांना निकालाचं नाव सांगा, थोडे चमकतील. आणि त्यांचं काम पटेनासं झालं तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लागता.

बोर्डाचा रिपोर्ट बहुधा बंद पाकिटात थेट न्यायाधिकरणाकडे जाईल. तुम्हाला त्याच दिवशी आकडा कळणार नाही, कारकुनाला विचारत बसू नका आणि “सेटिंग करून देतो” म्हणणाऱ्याला तर उभंही करू नका, असे एक-दोघे गेटवर भेटतात. कोर्टाच्या पुढच्या तारखेला वकिलांकडून प्रत घ्या आणि दोन गोष्टी बघा: टक्के अवयवाचे लिहिलेत की शरीराचे, आणि अपंगत्व कायमचं की तात्पुरतं. मोघम असेल तर, किंवा आकडा फारच कमी वाटला तर, हरकत घ्या. बोर्डाच्या डॉक्टरला साक्षीला बोलावता येतं. त्याला एकच प्रश्न विचारायला सांगा: “या मनगटाने ही बाई रोज तीन किलो कणीक मळू शकेल का?” कुठलाही सरळ डॉक्टर शपथेवर ‘हो’ म्हणणार नाही. १५ टक्क्यांच्या रिपोर्टमागे हे एक उत्तर आलं की न्यायाधिकरणाला कमाईचं नुकसान त्याहून जास्त धरायला वाट मिळते. धरेलच असं मी म्हणत नाही.

मधल्या काळात लोक अदालतीची तारीख निघाली आणि कंपनीने तडजोडीचा आकडा पुढे केला तर तो २९,४०० ने भागून बघा, किती टक्के देतायत ते लगेच कळेल. औषधोपचाराचा खर्च आणि बाकीचं त्याच्या वर.

जत्रेचा स्टॉल लावाच. घरी बसलात तर कंपनीचं काही बिघडणार नाही, गिऱ्हाइकं मात्र तुटतील. मळायला आणि लाटायला त्या मुलीबरोबर आणखी एक बाई घ्या, भाजणं तुम्ही बघा, गल्ला लेकीकडे द्या. रोज रात्री वहीत लिहा: किती पोळ्या, कोणी लाटल्या, मजुरी किती गेली, माझ्या हाताने किती. मजुरीच्या रकान्यापुढे दोघींची सही घ्यायला विसरू नका.